शॉवरचे पाणी मध्येच गार का होते : पुण्यातील एका सदनिकेचे प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका चार मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत घडले. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी पाच माणसे राहतात. दिवाळीपूर्वी या कुटुंबाने मोठ्या न्हाणीघराचे काम नव्याने करून घेतले, भिंतीत सिंगल लिव्हरचा डायव्हर्टर, म्हणजे गार-गरम पाणी मिसळून ते शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे वळवणारा नळ बसवला आणि वर रुंद तबकडीचा रेन शॉवर लावला. थंडी पडू लागली तशी तक्रार सुरू झाली. शॉवरखाली उभे राहिल्यावर पाणी मिनिटभर बरे असे, मग गार होई, लिव्हर गरमकडे सरकवला की काही क्षणांत चटका बसेल इतके कढत येई आणि किंचित मागे घेतला की पुन्हा गार. त्याच डायव्हर्टरच्या खालच्या तोटीतून बादली भरली, तर मात्र पाणी हवे तसे मिळत असे.

माझ्याकडे हे प्रकरण येण्यापूर्वी तीन उपाय करून झाले होते. गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापावे हे ठरवणारा भाग, बदलला होता, डायव्हर्टरचे कार्ट्रिज, म्हणजे लिव्हरखालचा गार-गरमचे प्रमाण ठरवणारा भाग, नवे घातले होते आणि शॉवरची तबकडी उतरवून व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ केली होती. यांतला कोणताही उपाय मुळातच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण तिन्ही भाग प्रत्यक्षात बिघडतात. तक्रारीचे शेवटचे वाक्य मात्र कोणी नीट ऐकलेले नव्हते. गीझर नादुरुस्त असता तर बादलीतले पाणीही कोमटच आले असते. बादली चांगली भरते याचा अर्थ घरात पुरेसे गरम पाणी आहे, ते डायव्हर्टरपर्यंत पोहोचते आहे आणि शॉवर लावल्यावरच ते कोठेतरी अडते आहे.

पाण्याच्या तापमानाच्या तक्रारी वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांची जात निराळी असते आणि कोणत्याही दुरुस्तीआधी ती ओळखणे आवश्यक असते. पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत कोमटच येत असेल, तर थर्मोस्टॅट, क्षारांनी माखलेली कॉइल किंवा गीझरच्या आतील गरम पाणी वरून उचलणारी नळी गंजून तुटलेली असणे, ही कारणे पाहावीत. आधी चांगले गरम येऊन नंतर एकदाच आणि कायमचे गार होत असेल, तर गीझरची टाकी लहान पडते आहे. १५ लिटरच्या गीझरमधील ६० अंशांच्या पाण्यात २० अंशांचे पाणी निम्मे-निम्मे मिसळले, तर ४० अंशांचे फार तर ३० लिटर पाणी हाती लागते, आणि रुंद शॉवर तेवढे पाणी तीन-चार मिनिटांत संपवतो. अनेक घरांत असलेल्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरचा हिशेबही असाच कडक आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडले तर तो ते सुमारे ७ अंशांनीच तापवू शकतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी त्याच्या जिवावर शॉवर घेण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. मात्र पाणी गार-गरम-गार असे हेलकावे खात असेल, तर बिघाड तापवण्यात नसून दोन बाजूंच्या दाबांत आहे असे गृहीत धरून तपास सुरू करावा. हे प्रकरण या तिसऱ्या जातीचे होते.

घरातील पाण्याची मांडणी

गच्चीवर सोसायटीची टाकी आहे आणि तिच्या शेजारी या कुटुंबाने सोसायटीच्या परवानगीने बसवलेला, काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर आहे. सोलरच्या टाकीत पाणी सोसायटीच्याच टाकीतून येते. त्या जोडणीवर एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, आणि सोलरच्या टाकीला वर हवेसाठी उघडी उभी नळी आहे. गरम पाण्याची लाइन भिंतीच्या बाहेरून खाली उतरते आणि तिला तीन फाटे फुटतात. पहिला मोठ्या न्हाणीघरातील १५ लिटरच्या गीझरमध्ये शिरून तेथून डायव्हर्टरला जातो, म्हणजे ढगाळ दिवशी सोलरचे कोमट पाणी गीझरमध्ये आणखी तापते. दुसरा फाटा लहान न्हाणीघरातील जुन्या थ्री-इन-वन वॉल मिक्सरला, म्हणजे तोटी, शॉवर आणि हँड शॉवर अशी तिन्हींची सोय असलेल्या, गार-गरमचे दोन नॉब असलेल्या नळाला थेट जातो, तेथे गीझर नाही. तिसरा स्वयंपाकघरातील सिंकच्या गरम नळाला जातो.

टाकीतील पाण्याची पातळी मोठ्या न्हाणीघराच्या शॉवरपेक्षा तीन ते चार मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, तेव्हा येथे मिळणारा दाब ०.३ ते ०.४ बार एवढाच. खालच्या मजल्यांना प्रत्येक मजल्यामागे ०.३ बारची भर पडते, म्हणून एकाच टाकीवर पहिल्या मजल्याचा शॉवर जोरात चालतो आणि वरच्या मजल्यावर तो ठिबकतो. नूतनीकरणाच्या वेळी हे लक्षात आल्यावर, रेन शॉवर नीट चालावा म्हणून गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवण्यात आला. त्याच्या प्रेशर स्विचची जुळणी अशी होती की दाब १ बारपर्यंत उतरला की पंप सुरू व्हावा आणि २ बारला बंद व्हावा. गरम पाण्याच्या लाइनला हात लावला गेला नाही, कारण सोलरच्या टाकीवर पंपाचा दाब देता येत नाही, असे प्लंबरने सांगितले आणि ते खरेच आहे. अशी टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

यातून निघणारा निष्कर्ष त्या वेळी कोणी काढला नाही. पंपापूर्वी दोन्ही बाजूंचा दाब उंचीवरून ठरत होता, म्हणजे कमी असला तरी समान होता. पंपानंतर एका बाजूला ०.३५ बार आणि दुसऱ्या बाजूला १ ते २ बार अशी स्थिती झाली.

पहिला उलगडा

डायव्हर्टरच्या आत गार आणि गरम पाणी ज्या पोकळीत मिसळते, तेथील दाब पुढची वाट किती मोकळी आहे यावर ठरतो. खालची तोटी रुंद आणि मोकळी असल्याने पोकळीत दाब साचत नाही, म्हणून ०.३५ बारचे गरम पाणीही सुखाने आत येते. शॉवरला पाणी वर चढून बारीक छिद्रांतून बाहेर पडावे लागते. गार पाणी जोराने आत येऊन पोकळीतील दाब ०.३५ बारच्या वर गेला की गरम पाण्याला आत शिरण्याचे कारणच उरत नाही. लिव्हर बराचसा गरमकडे नेऊन गारची वाट आवळली, तर पंप बंद असताना, दाब १ बारच्या आसपास असेपर्यंत, मिश्रण कसेबसे जमते. दाब उतरून पंप सुरू झाला की गार पाण्याचा ओघ वाढून गरम पाणी पुन्हा मागे रेटले जाते. अंघोळ करणारा वैतागून लिव्हर टोकाला नेतो, गार पूर्ण बंद होते आणि गीझरचे निव्वळ कढत पाणी अंगावर पडते. हेलकाव्यांचे हे पूर्ण स्पष्टीकरण आहे आणि त्यात थर्मोस्टॅटचा कोठेही संबंध येत नाही.

शहानिशा करणे सोपे होते. गार बाजूचा अँगल कॉक, म्हणजे डायव्हर्टरकडे जाणारे पाणी बंद करण्याची चावी, पूर्ण बंद करून शॉवरमधून फक्त गरम पाणी सोडले, तर ते जेमतेम झिरपले. तापमापकाने त्याचे तापमान ५८ अंश दाखवले. उलट फक्त गार सोडले, तर शॉवर भरभरून चालला. पंपाचे बटण बंद करून दोन्ही एकत्र सोडल्यावर पाण्याला जोर नव्हता, परंतु एकदा जमवलेले तापमान जराही हलले नाही. ही शेवटची चाचणी कोणत्याही घरात फुकट करता येते, आणि पंप असलेल्या घरात गीझरवाल्याला बोलावण्यापूर्वी ती करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे पाण्याच्या कठीणपणाचाही थोडा हात होता. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते, पण या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळले जाते आणि दख्खनच्या काळ्या खडकातील भूजलात क्षार अधिक असतात. पाणी तापले की ते पांढरट थरांच्या रूपाने बसतात. शॉवरची काही छिद्रे अशी बुजली की पोकळीतील दाब आणखी चढतो आणि गरम पाण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. त्यामुळे शॉवर साफ केल्यावर कुटुंबाला चार दिवस बरे वाटले होते, ते भासमात्र नव्हते.

तात्पुरता उपाय म्हणून गार बाजूचा अँगल कॉक बराच आवळून ठेवला. शॉवरचा जोर घटला, परंतु हेलकावे पुष्कळ कमी झाले.

उरलेली तक्रार

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवे होते, पण तसे झाले नाही. आता पाणी हेलकावत नव्हते, मात्र सकाळी आठनंतर अंघोळ करणाऱ्यांना गीझरमधले पहिले पाणी संपले की मागून येणारे सोलरचे पाणी कोमटच मिळे. आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलेले असतानाही हे घडे. घरात याचे एक तयार उत्तर होते, ते म्हणजे आजी लवकर अंघोळीला बसतात आणि पाणी फार वापरतात. आजींनी त्यावर, आपण तर हँड शॉवर बटणाने बंद करून करून जपून पाणी वापरतो, असे सांगितले. घरातील सगळ्यांनी ते प्रेमाने ऐकून घेतले आणि त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

दुसरी खूण सूनबाईंनी जाता जाता सांगितली, कारण त्यांच्या दृष्टीने ती तक्रारच नव्हती. स्वयंपाकघरातील गरम नळ एरवी करंगळीएवढ्या धारेने चालतो, पण कधी कधी सकाळी त्याला एकदम असा जोर येतो की सिंकमधले पाणी अंगावर उडते. मला ही सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची माहिती वाटते. गरम लाइनवर पंप नाही, टाकीची उंची बदललेली नाही, मग त्या नळाला जोर आला कोठून? घरात तेवढा दाब फक्त गार लाइनमध्ये आहे. म्हणजे गार पाणी कोठून तरी गरम लाइनमध्ये शिरत होते.

तिसरी खूण गच्चीवर सापडली. सोलरच्या टाकीच्या हवेच्या नळीखाली फरशीवर ओलाव्याचा हिरवट पट्टा उमटला होता, आणि तो दिवाळीनंतरचा असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

प्लंबरचा आक्षेप असा होता की गीझरच्या इनलेटला एनआरव्ही असतो, तेव्हा पाणी उलट जाणे शक्य नाही. मोठ्या न्हाणीघरापुरते हे बरोबर होते. तेथे गार पाणी गरम बाजूला रेटले गेले तरी गीझरच्या व्हॉल्व्हपाशी थांबत होते. पण लहान न्हाणीघरात गीझरच नव्हता, त्यामुळे त्या वाटेवर अडवणारे काहीच नव्हते.

या संशयाची चाचणी अशी केली. गच्चीवर सोलरच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, नंतर स्वयंपाकघरातील गरम नळ उघडला. लाइनमध्ये अडकलेले थोडे पाणी येऊन नळ कोरडा पडायला हवा होता, आणि घरातले सगळे नळ बंद असताना तो तसा पडलाही. मग लहान न्हाणीघरात आजी अंघोळीला बसताना करतात तसे सारे जसेच्या तसे केले. मिक्सरचे गरम आणि गार असे दोन्ही नॉब उघडले आणि हँड शॉवर त्याच्या दांड्यावरील बटणाने बंद केला. लगेच पंप घरघरला आणि स्वयंपाकघरातील गरम नळातून गार पाण्याची जोरदार धार सुरू झाली.

हे असे का होते ते मिक्सरची रचना पाहिल्यावर कळते. दोन्ही नॉब उघडे असताना त्यांच्यामधली पोकळी म्हणजे गार आणि गरम लाइन जोडणारा उघडा बोगदा असतो. पुढची वाट मोकळी आहे तोवर दोन्ही पाणी बाहेर पडते. पुढची वाट बटणाने बंद केली की जास्त दाबाच्या पाण्याला कमी दाबाच्या लाइनमध्ये शिरणे एवढाच मार्ग उरतो. ते गरम लाइनने उलट वर चढते आणि सोलरच्या टाकीत जाते. टाकीच्या गार जोडणीवर एनआरव्ही असल्याने तेथून बाहेर पडता येत नाही, म्हणून जादा पाणी हवेच्या नळीतून गच्चीवर सांडते. उलट्या ओघाचा वेग मिनिटाला ५ लिटर धरला, तर वीस मिनिटांत १०० लिटर गार पाणी टाकीत शिरते आणि जवळपास तेवढेच तापलेले पाणी बाहेर जाते, म्हणजे २०० लिटरच्या सोलरचा निम्मा साठा गेला.

आजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करतात. गरम पाणी वरून यायला वेळ लागतो, दोन नॉब फिरवून प्रमाण जमवायला त्याहून वेळ लागतो आणि सांधे धरलेल्या बोटांनी ते पुन्हा पुन्हा करणे त्यांना त्रासाचे होते. म्हणून एकदा प्रमाण जमले की त्या नॉबना हात लावत नसत. साबण लावताना, केस धुताना हँड शॉवर बटणाने बंद करून मांडीवर ठेवीत. पाणी वाचवण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेतच सोलर गार होत होता. त्यांना नॉब बंद करण्याची शिस्त लावावी, हा घरातून सुचवलेला पहिला उपाय मी मान्य केला नाही. पंप येण्यापूर्वी वर्षानुवर्षे त्या अशीच अंघोळ करत होत्या आणि काही बिघडत नव्हते, कारण दोन्ही बाजूंचे दाब सारखे होते. बटण ही त्या शॉवरची रीतसर सोय आहे, आणि ती वापरल्याने घराचे गरम पाणी वाया जात असेल तर दोष मांडणीचा आहे.

उपायांची निवड

सर्वांत स्वस्त उपाय पंप काढून टाकण्याचा होता आणि रेन शॉवरच्या हौसेपोटी तो कोणालाच नको होता. दुसरा पर्याय असा होता की दोन्ही मिक्सरना जाणारे गार पाणी पंपाच्या आधीच्या फाट्यावरून द्यावे आणि पंप वॉशिंग मशीन व जेट स्प्रे यांच्यापुरता ठेवावा. यात दाब कमी पण समान राहतो, पाइप भिंतीबाहेरून गेले असल्याने तोडफोडही करावी लागत नाही. माझी पसंती यालाच होती. कुटुंबाने काही दिवस तो करून पाहिला, आणि पंप बसवूनही शॉवर पुन्हा ठिबकू लागल्याने नाराजी व्यक्त केली. ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटिक मिक्सरचाही विचार झाला, परंतु त्यालाही दोन्ही बाजूंनी पुरेसा आणि फार तफावत नसलेला दाब लागतो. ०.३५ बारवर त्याच्याकडून काम होण्याची आशा नव्हती.

अखेर गरम लाइनवर दुसरा पंप बसवला. हे काम करताना काही गोष्टींत तडजोड चालत नाही. पंप सोलरच्या टाकीच्या पुढे, टाकीपेक्षा खालच्या पातळीवर बसवावा, म्हणजे टाकीवर दाब न येता पंपाला पाणी आपोआप मिळते. त्याची सील गरम पाण्यासाठी बनवलेली असावीत, साधा गार पाण्याचा पंप येथे टिकत नाही. टाकीची हवेची नळी मोकळी आहे ना हे आधी पाहावे, कारण ती बुजलेली असताना पंपाने पाणी ओढले तर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी चेपते. गीझरला आता पूर्वीपेक्षा जास्त दाब सोसावा लागणार होता, पण त्याच्या पट्टीवर ८ बारची क्षमता लिहिलेली होती आणि येथे २ बारच्या वर प्रश्न जात नव्हता. दोन्ही पंपांचे स्विच सारख्या दाबावर जुळवले. लहान न्हाणीघराच्या मिक्सरला मिळणाऱ्या दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र एनआरव्ही बसवले, म्हणजे वीज गेली, एखादा पंप बंद पडला किंवा जुळणी बदलली, तरी पाणी उलट जाणार नाही.

एनआरव्हीबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. गीझर असलेल्या लाइनवर असा व्हॉल्व्ह असतो तेव्हा तापून प्रसरण पावलेल्या पाण्याला मागे जाण्याची वाट नसते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे पाव लिटरने वाढते, आणि तेवढे पाणी गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून ठिबकणे हे त्याचे कामच आहे. मोठ्या न्हाणीघरात हे ठिबकणे दिसू लागल्यावर घरच्यांनी तेथे बूच बसवण्याचा विचार केला होता, तो वेळीच थांबवला. त्याऐवजी बारीक नळी लावून ते पाणी मोरीपर्यंत नेले.

थर्मोस्टॅट ६० अंशांवरच ठेवला. चटक्याच्या भीतीने तो फार खाली आणण्याची सूचना अनेकदा केली जाते, पण कोमट साठ्यात जिवाणू वाढण्याचा धोका असतो. म्हणून साठा गरम ठेवून मिश्रण नळापाशी करणे मला योग्य वाटते. आजींच्या मिक्सरसाठी मात्र आधी गार, मग गरम उघडायचे आणि बंद करताना आधी गरम बंद करायचे, एवढे सांगून ठेवले आहे.

सद्यस्थिती

दोन्ही पंप चालू असताना शॉवरचे तापमान आता स्थिर राहते. कोणी फ्लश केले तर क्षणभर एक-दोन अंशांचा फरक जाणवतो, त्याकडे दुर्लक्ष करता येते. गच्चीवरील सांडणे थांबले आहे आणि आठनंतर अंघोळ करणाऱ्यांना सोलरचे पाणी पुरते. घरघर मात्र दुप्पट झाली आहे आणि सोसायटीच्या टाकीतून पाणी ओढण्याबद्दल खालच्या मजल्यावरून एक विचारणाही येऊन गेली.

एक गैरसोय कायम आहे. सोलरपासून मोठ्या न्हाणीघरापर्यंत गरम लाइन बरीच लांब आहे, एक इंची पाइपच्या प्रत्येक मीटरमध्ये ०.४ लिटरहून अधिक पाणी मावते, आणि सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याला ते रात्रभर गार झालेले सगळे पाणी आधी काढावे लागते. परतीची लाइन आणि फिरता पंप लावून हे टाळता येते, पण चौथ्या मजल्यावरच्या एका घरासाठी तो खर्च मला समर्थनीय वाटला नाही. उघड्या पाइपवर उष्णतारोधक नळी चढवून घेतली आहे, तिने दोन अंघोळींच्या मधल्या वेळेत फरक पडतो, रात्रभराच्या गारव्यात फारसा पडत नाही. पहिली बादली गार निघते, ती फरशी पुसायला आणि गच्चीतल्या कुंड्यांना जाते.